छातीत नेमकं कोण राहतं? देव, जीव की बदाम?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

घरात दोन तट पडलेत म्हणून प्रश्न इथं टाकतोय. पुतणीचं लग्न आहे, गंगाखेडला. पत्रिकेच्या नमुन्यावर वर गणपती, त्याखाली लालभडक बदाम आणि बदामात दोघांची नावं. आमचे थोरले चुलते माळकरी. त्यांनी पत्रिका लांब धरून बघितली आणि म्हणाले, "पांडुरंगाच्या जागेवर हे काय आणून बसवलं?" पुतणी म्हणते, आबा, हृदय म्हणजे प्रेमच ना. आबा म्हणतात, हृदयात आत्मा असतो, तिथं नावं छापायची नसतात.

पत्रिकेबद्दल सल्ला नकोय, ते आम्ही भांडून ठरवू. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मुठीएवढा मांसाचा गोळा. त्यालाच देवाचं घर, जिवाचं ठाणं आणि प्रेमाचं चिन्ह असं सगळं एकदम कसं काय करून ठेवलं माणसानं? आधी काय आलं? आणि हा बदामाचा आकार कुठला? बोकड कापताना बघितलेला कुणीही सांगेल की आतून असलं काही निघत नाही.

माझं मत आधीच सांगतो. मराठवाड्यात तरी प्रेम छातीत फार उशिरा राहायला आलं. त्याआधी तिथं विठोबाच होता. पटत नसेल तर बोला.

आडमुठा

"सल्ला नको" म्हणून काढलेल्या धाग्यावरच सगळ्यात जास्त सल्ले पडतात. घ्या पहिला: बदाम राहू द्या, आबांना सुकामेवा आहे म्हणून सांगा.

पत्तेबहाद्दर

आकाराचं मी सांगतो. तो आला पत्त्यांतून. आमच्या कळंबकडच्या गावात टीव्ही यायच्या आधी लाल बदाम माहीत होता तो बदाम सात खेळून. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक ही जी चौकडी आहे ती युरोपात १५ व्या शतकात ठरली आणि गोऱ्या साहेबाबरोबर इकडं आली. आपला जुना गंजिफा बघा, पानं गोल. दशावतारी जोडात दहा रंग, मत्स्य, कूर्म, वराह असे, एकूण १२० पानं. त्यात बदाम कुठंच नाही.

त्यामुळं माळेगावच्या जत्रेत दंडावर बाणासकट बदाम गोंदवून घेणारे आमचे काका प्रेमात होते असं मी मानत नाही, ते पत्त्यात होते. काकूंचं नाव त्यात नंतर घातलं, जागा उरली होती म्हणून.

जर्मनीवाला_परभणी

पण बाण कुठनं आला मग? पत्त्यात बाण नसतोय.

पत्तेबहाद्दर

बाण मदनाचा. तो त्यांच्याकडं पण आहे आणि आपल्याकडं पण. आपल्या मदनाचं सामान जास्त भारी, फुलांचे पाच बाण आणि उसाचं धनुष्य.

जर्मनीवाला_परभणी

उसाचं धनुष्य म्हणल्यावर मदन लातूर-उस्मानाबादचाच. पेयला पाणी नाही पण ऊस लावतोच म्हणणारा 😄

वेरूळची_वाट

मंडळी, सगळं परदेशातून आलं असं कामून धरून चालता? पिंपळाचं पान बघा. सिंधू संस्कृतीच्या मडक्यांवर ते रंगवलेलं आहे, हुबेहूब बदाम. अजिंठ्याला १९ आणि २६ नंबरच्या लेण्यांच्या दर्शनी भागावर चैत्य गवाक्ष, म्हणजे मोठी कमानदार खिडकी, आहे, त्याचा बाहेरचा आकारही पिंपळपानाचाच. विड्याचं पान घ्या, गुळवेलीचं घ्या. लग्नात सुपारी पानावरच ठेवतात की नाही? हा आकार आपल्याकडून तिकडं गेला असणार. माझं हे ठाम मत आहे.

मास्तर_निवृत्त

वेरूळची वाट, तुमच्या उत्साहाला नमस्कार, पण दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्यांचं नातं लागत नाही. चैत्य गवाक्षाचा उगम लाकडी छपराच्या कमानीत आहे. लेणी खोदणाऱ्यांनी लाकडी इमारतींची नक्कल दगडात केली, अजिंठ्यात छताला दगडी वासे कोरलेत ते त्यामुळंच. पिंपळपान हे पिंपळपान म्हणूनच पूज्य होतं. ते म्हणजे छातीतलं हृदय, असं कोणी मडक्यावर लिहून ठेवलेलं नाही.

युरोपातला प्रवास मात्र चित्रांतून बऱ्यापैकी दिसतो. १३ व्या शतकातल्या एका फ्रेंच हस्तलिखितात प्रियकर गुडघे टेकून आपलं हृदय प्रेयसीपुढं धरतो असं चित्र आहे. त्यातलं हृदय बदामासारखं दिसत नाही, पाइनच्या झाडाचं बोंड असतं तसं दिसतं. १३०५ च्या सुमारास इटलीत पादुआच्या चॅपलमध्ये जोत्तोनं दयेची मूर्ती रंगवली, ती आपलं हृदय वरती देवाकडं देते आहे. तेही बोंडासारखंच. वरची ती खाच पडली पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत, आणि मग पत्त्यांनी ती घरोघरी नेली. म्हणजे पत्तेबहाद्दर बरोबर आहेत, मात्र पत्ते हा आकाराचा मधला मुक्काम, जन्मगाव नव्हे.

आणखी एक तर्क ऐकायला मिळतो. उत्तर आफ्रिकेत सायरीन नावाचं ग्रीक शहर होतं, तिथल्या नाण्यांवर सिल्फियम नावाच्या वनस्पतीचं बी कोरलेलं आहे, अगदी बदामाच्या आकाराचं. ही वनस्पती गर्भ राहू नये म्हणून वापरत, त्यावरून प्रेमाशी संबंध जोडतात. गोष्ट म्हणून छान आहे. पण नाणी आणि फ्रेंच चित्र यांच्यात हजारावर वर्षांची फट आहे, ती कोणी भरून दाखवलेली नाही.

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्यावर नंतर लिहितो. लाईट जाण्याची वेळ झाली.

जर्मनीवाला_परभणी

मास्तर आले, पाट्या काढा पोरांनो.

मराठवाड्याची_माहेरवाशीण

बीबी का मकबऱ्याच्या मागच्या भिंतीवर बघा एकदा, चुन्यावर खिळ्यानं बदामच बदाम. दौलताबादच्या अंधारीत जाताना मोबाइलचा उजेड पाडला तरी तेच. गंमत म्हणजे मकबरा ज्या दिलरस बानू बेगमचा, तिची कबर आझमशहा या मुलानं आईसाठी बांधवली असं सांगतात. पोरं तिथं जाऊन प्रेयसीचं नाव कोरतात. कुणाच्या आईच्या कबरीवर कोरतोय एवढं तरी कळावं.

आडमुठा

कोरणाऱ्यांना सरकारनं पेन्सिल-वही फुकट वाटावी. नावं पण कायम तीच: एक इंग्रजी अक्षर, अधिक, दुसरं इंग्रजी अक्षर. बापानं ओळखू नये म्हणून.

अवांतर: मकबरा बघून झाला की शहागंजात नान खलिया खावा. छातीत कोण राहतं ते ठाऊक नाही, पण खालच्या मजल्यावर आमचा तोच राहतो.

खुलताबादी

नान खलियाला +१. आता धाग्यावर येतो.

आमच्या गावात भद्रा मारुती आहे, निजलेला. शनिवारी पायी येणाऱ्यांची रीघ असते. लहानपणी मी हिंदू मित्रांबरोबर जायचो तेव्हा त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर छाती फाडून राम दाखवणारा मारुती बघायचो आणि विचारायचो, आपल्या गावचा मारुती कामून झोपलाय, त्याला दाखवायचं नाही का काही? मित्राची आजी म्हणायची, "बाळा, त्याच्या छातीत राम झोपलाय, म्हणून तो पण हलत नाही."

आणि त्याच रस्त्यावर आमच्या बुजुर्गांचे दर्गे. शेख बुऱ्हानुद्दीन गरीब दिल्लीहून आले, निजामुद्दीन औलियांचे मुरीद म्हणजे शिष्य, १३३७ ला इथंच वारले. ते सूफींच्या चिश्ती पंथाचे. औरंगाबादला पाणचक्कीवर बाबा शाह मुसाफिर, ते नक्षबंदी पंथाचे. चिश्तींकडं कव्वाली, नक्षबंदींकडं जिक्र, म्हणजे नामस्मरण, मुक्यानं, ओठ न हलवता. डाव्या स्तनाच्या दोन बोटं खाली ध्यान ठेवायचं आणि आतल्या आत अल्लाहचं नाव चालू ठेवायचं. सूफी मंडळी एक वचन नेहमी सांगतात, खुदा म्हणतो: मी जमिनीत मावत नाही, आस्मानात मावत नाही, पण माझ्यावर श्रद्धा असलेल्याच्या दिलात मावतो.

म्हणून आबांचं आणि आमच्या दादाजानचं जमलं असतं. पण एक सांगू? ज्या सूफींनी दिल खुदाचं घर म्हणलं, त्यांनीच इश्क हा शब्द खुदासाठी वापरला. आमच्या इकडं ही दोन भाडेकरूंची भांडणं नव्हतीच. "दिल लगाया तो किससे लगाया," एवढाच सवाल.

मास्तर_निवृत्त

खुलताबादी, तुम्ही सांगितलेलं वचन वाचून थबकलो, कारण छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात जवळजवळ हेच आहे. शरीर हे ब्रह्माचं नगर, त्यात एक लहानसं कमळाचं घर, आणि त्या घराच्या आत इवलीशी पोकळी. शिष्य विचारतात, एवढ्याशा जागेत असं काय आहे की ते शोधावं? उत्तर येतं: बाहेरचं आकाश जेवढं, तेवढंच हे आतलं आकाश. स्वर्ग आणि पृथ्वी, अग्नी आणि वायू, सूर्य आणि चंद्र, सगळं त्यात सामावलेलं. मोठं ते लहानात मावतं, ही कल्पना दोन्हीकडं. कोणी कोणाकडून घेतली हे मी विचारणार नाही, आत्ताच वेरूळच्या वाटेला त्यावरून टोकलं आहे.

कठोपनिषदात हृदयात राहणारा पुरुष अंगठ्याएवढा आहे, आणि हृदयातून १०१ नाड्या निघतात. त्यातली एक डोक्याकडं जाते, तिच्या वाटेनं जो जातो तो अमर होतो. म्हणजे जीव राहायला छातीत, पण निघून जायचा दरवाजा टाळूत.

आणि इजिप्तची गोष्ट सांगायलाच हवी. तिथं ममी करताना मेंदू नाकातून आकडा घालून काढत आणि टाकून देत. हृदय मात्र शरीरातच ठेवत. कारण मेल्यानंतर तराजूच्या एका पारड्यात हृदय आणि दुसऱ्यात सत्यदेवता मातचं पीस. हृदय जड भरलं की बाजूला बसलेली अम्मित नावाची राक्षसीण ते गिळणार. त्यामुळं श्रीमंत लोक छातीवर कोरलेला भुंगा ठेवून पुरत. त्यावर मंत्र असे: हे माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

जर्मनीवाला_परभणी

आपल्याकडं चित्रगुप्त वही घेऊन बसतोय, त्याला काहीबाही सांगता तरी येतं. तिकडं घरचाच साक्षीदार फुटतोय. अवघड हाय.

वैद्यकन्या

आयुर्वेदाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं हे अर्धं पाठ आहे. सुश्रुतात हृदय उलट्या कमळासारखं आहे, जागेपणी उमलतं, झोपेत मिटतं. चरकात दहा मोठ्या शिरा हृदयातून निघतात आणि चेतना तिथंच राहते. पण सगळे आचार्य एकमताचे होते असं समजू नका. भेलसंहितेत मन डोक्यात आहे, कवटी आणि टाळू यांच्या मध्ये. म्हणजे हा वाद दीड-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच वैद्यांत झालेला आहे.

मला सगळ्यात आवडतं ते सुश्रुताच्या शारीरस्थानातलं. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईला तेव्हा दोन हृदयं. तिला जे खावंसं, बघावंसं वाटतं ते दुसऱ्या हृदयाचं मागणं. ते पुरवलं नाही तर गर्भाला बाधा होते असं बजावून सांगितलंय. डोहाळजेवणाला झोपाळा सजवणाऱ्या किती जणींना हे माहीत असतं?

गोदाकाठचा काका, तुमच्या यादीत देव, जीव आणि प्रेम असे तीनच आहेत. हे चौथं घ्या. प्रेमाची गोष्ट करायची तर दोन हृदयं एकाच अंगात असण्याहून जास्त काय असणार?

मराठवाड्याची_माहेरवाशीण

वैद्यकन्या, हे माझ्या सासूबाईंना ऐकवायला पाहिजे होतं. सातव्या महिन्यात हुरडा मागितला तर "उन्हाळ्यात कुठला हुरडा" म्हणाल्या होत्या.

नर्सबाई_लातूर

मी अतिदक्षता विभागात काम करते. तुमच्या या चर्चेत जरा वेगळं घालते.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं आपल्याकडं मरण छातीतून डोक्यात नेलं. मेंदूचं खोड मेलं की माणूस कायद्यानं मेला, हृदय चालू असलं तरी. चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासतं, दोन तपासण्यांत किमान सहा तासांचं अंतर. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून बघतात, स्वतःहून श्वास येतो का. कागदावर सगळं बरोबर आहे. पण नातेवाईक आत येतात तेव्हा छाती वरखाली होत असते, अंग ऊन असतं, मॉनिटरवर रेघ उड्या मारत असते. आणि आम्ही म्हणतो, गेले.

मी बघितलंय, माणसं हात ठेवतात ते छातीवर. "चालूच की हो हे," म्हणतात. आम्ही समजावतो की हृदय आपली वीज आपणच तयार करतं. मेंदूचा हुकूम आला नाही तरी यंत्रानं प्राणवायू मिळतोय तोवर ते ठोके देत राहतं. काहींना पटतं. काही जण शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ताई, जीव अजून आत आहे, तोवर कुणी हात लावू नका. मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. मास्तरांनी वर लिहिलंय तेच ते सांगत असतात, फक्त उपनिषद न वाचता.

आडमुठा

ताई, पहिल्यांदाच गंभीर प्रश्न विचारतो. दुसऱ्याचं हृदय बसवल्यावर त्या माणसाचं प्रेम पण येतं का सोबत? पेपरात वाचलंय की दात्याला आवडणारे पदार्थ नंतर घेणाऱ्याला आवडायला लागले.

नर्सबाई_लातूर

असल्या गोष्टी पेपरात येतात, वैद्यकात त्याला पुरावा मिळालेला नाही. जे ठाऊक आहे तेच जास्त अचंब्याचं आहे. बसवलेल्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात. आपलं हृदय बसल्या जागी ७०-८० ठोके देतं कारण व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरून धरते. बसवलेल्याला आवरायला कोणीच नाही, म्हणून ते निवांत बसलं तरी ९०-११० नं चालतं. जिना चढला तर लगेच वाढत नाही, रक्तातून अ‍ॅड्रेनॅलीन पोचेपर्यंत वाट बघतं. नंतर कधी त्यात अडथळा आला तर बऱ्याचदा छातीत दुखतही नाही, दुखणं सांगणाऱ्या तारा नाहीत म्हणून.

म्हणजे बायको दारात दिसली की "धस्स" व्हायचं ते त्याला एकदम होत नाही. पण बायकोवरचं प्रेम कुठं जात नाही हो. पहिलं हृदय प्रत्यारोपण केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ ला केलं, रुग्ण १८ दिवस जगला. दोन-अडीच महिन्यांत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलं, तो रुग्ण काही तासच राहिला. यशस्वी झालं ते दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. वेणुगोपाल, ऑगस्ट १९९४. तेव्हापासून कोणी नवं हृदय घेऊन उठला आणि घरच्यांना ओळखेना, असं मी तरी ऐकलेलं नाही.

जर्मनीवाला_परभणी

म्हणजे प्रेम डोक्यातच. आबा हरले, पुतणी पण हरली. भेल जिंकला.

किल्लारीकर

इतकं सोपं करू नका जर्मनीवाले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३:५६. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, गाव उशिरा झोपलेलं. मी तेव्हा नववीत. आमच्या आळीत दगड-मातीची माळवदाची घरं, त्याखाली किती गेले हे सगळ्यांना माहीत आहे. मी लिहितोय ते वाचलेल्यांबद्दल. आमची एक चुलती ढिगाऱ्यातून सहीसलामत निघाली, ओरखडा नाही. मुलगा आणि दोन नातवंडं गेली. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो तेव्हा ती दिवसभर छाती धरून बसायची. "इथं जड झालंय," एवढंच. डॉक्टर मंडळी तपासून जायची, गोळ्या द्यायची. दिवाळीच्या आत गेली. बाया म्हणाल्या, काळीज फुटलं. आम्ही पुढं शिकलो, मोठे झालो आणि ते बायांचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

नर्सताई, यात काही असतं का? की नुसतं म्हणायचं?

नर्सबाई_लातूर

असतं. तुमच्या चुलतीला नेमकं काय झालं ते मी इथं बसून सांगू शकणार नाही. पण असं दुखणं आहे.

१९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. अतोनात धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा खालच्या बाजूनं फुगतो, आकुंचन पावत नाही. तो आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचंच नाव दिलं, ताकोत्सुबो. लक्षणं सगळी हार्ट अटॅकची. पण अँजिओग्राफी केली तर त्याला कारण ठरावी अशी अडकलेली नळी सापडत नाही. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या बायका. पुष्कळ जण काही आठवड्यांत बरे होतात, सगळे होत नाहीत. २००४ मध्ये जपानात निगाताला भूकंप झाला, त्यानंतर त्या भागात असे रुग्ण एकदम वाढल्याची नोंद आहे. १९९४ ला लॉस एंजेलिसच्या भूकंपादिवशी हृदय बंद पडून अचानक गेलेले २४ होते, एरवी दिवसाला चार-पाच असायचे. ते सगळे ढिगाऱ्याखालचे नव्हते.

धक्का डोक्याला कळतो हे खरंच. पण तो जाऊन उतरतो छातीत. १९९३ ला पत्र्याच्या शेडमध्ये कोण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणार होतं?

किल्लारीकर

समजलं. लिहिलंत ते बरं केलंत.

गंगाखेडची_जना

या धाग्यावर इतका वेळ आमच्या गावाचं नाव घेऊन कोणी जनाबाईंकडं वळलं नाही, म्हणून लिहिते. गंगाखेडचं लेकरू, नामदेवांच्या घरी दासी. नामदेव नरसीचे, ज्ञानोबा आपेगावचे, नाथ पैठणचे, गोरोबा तेरचे. छातीतल्या देवाबद्दल बोलायचं तर मराठवाड्याला उपनिषदापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही.

बाकीचे संत हृदयाला मंदिर, सिंहासन असं काही म्हणतात. जनी म्हणते:

हृदय बंदिखाना केला।
आंत विठ्ठल कोंडिला।।

पंढरीचा चोर धरला, गळ्याला दोर बांधला, पायात बेडी घातली, सोहंचा मार दिला आणि विठ्ठल काकुळतीला आला. आणि शेवटी म्हणते, जीव गेला तरी तुला सोडणार नाही. दळण-कांडण करणारी, जिचं स्वतःचं म्हणून एक खोलीही घर नव्हतं, ती देवाला म्हणते की माझ्याकडं एकच जागा आहे आणि तिला कडी आतून आहे.

आता धागाकर्त्याला विचारते, यात भक्ती कुठं संपते आणि प्रेम कुठं सुरू होतं ते बोट ठेवून दाखवा. "प्रेम उशिरा राहायला आलं" म्हणता. पत्त्यातला बदाम उशिरा आला असेल. प्रेम तेराव्या-चौदाव्या शतकापासून बेड्या घेऊन इथंच बसलंय.

खुलताबादी

वाह. हे ऐकून आमचे बुजुर्ग पण उठून बसले असते. जनाबाईला +१००.

मास्तर_निवृत्त

सहमत. एक बारीकशी पुरवणी. हृदय हे रक्त ढकलणारा पंप आहे आणि तेच रक्त फिरून परत येतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये छापलं. त्यानंतर खरं तर छातीतून देव, जीव, प्रेम सगळ्यांना बाहेर काढायला हवं होतं. झालं उलटंच. फ्रान्समध्ये मार्गरेट मेरी या जोगिणीला येशूच्या धगधगत्या हृदयाचं दर्शन झालं ते १६७३ पासून पुढं, आणि त्याची तसबीर आज जालन्यातल्या ख्रिस्ती घरांतही दिसेल. पंप आहे हे कळूनही कोणी भाडेकरू हलला नाही.

आडमुठा

भाडेकरू जुना झाला की मालकाला काढता येत नाही, कोणत्याही तहसीलात विचारा.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

दोन दिवस लग्नाच्या धावपळीत होतो. सगळं वाचलं.

पुतणीनं जनाबाईंचा प्रतिसाद आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. तिला वाटलं जिंकली. आबांनी अभंग पूर्ण म्हणून दाखवला, डोळे मिटून, आणि म्हणाले, "जनीनं कोंडला तो विठ्ठल. तुझा नवरा पुण्याला नोकरीला आहे, तो कोंडून राहणार आहे का?" यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. पत्रिकेचं म्हणाल तर छापखानेवाल्यानं मुदत संपल्यावर आपल्या मनानंच कलश छापला. दोघंही नाराज आहेत आणि पत्रिका वाटून झाल्यात.

गंगाखेडची जना, तुमचा मुद्दा जोरदार आहे, पण माझं म्हणणं मी सोडत नाही. जनाबाईंचं प्रेम देवावरचं, त्याला छातीत जागा होती. माणसाचं माणसावरचं प्रेम, तेही लग्नाआधीचं, ते गावात छातीवर मिरवायची सोय कुठं होती? लोक ते जत्रेत दंडावर गोंदवायचे आणि वरून शर्टाची बाही ओढायचे. मी उशिरा म्हणतो ते ह्या अर्थानं.

गंगाखेडची_जना

या अर्थानं मान्य. पण मग प्रेम उशिरा आलं असं म्हणू नका. ते आधीपासूनच होतं, बाहीच्या आत.

पत्तेबहाद्दर

शर्टाची बाही ओढणारे आमचे काकाच. ओळखता का तुम्ही त्यांना?

किल्लारीकर

नर्सताई, धाग्याला सोडून आहे, पण वाचल्यापासून डोक्यात आहे. अवयवदानाचा अर्ज भरायचा तर कसा? आणि इकडून, म्हणजे लातूर-नांदेडहून, हृदय वेळेत पोचतं तरी का?

नर्सबाई_लातूर

धाग्याला सोडून कसं, उलट धरूनच आहे.

नोट्टो म्हणजे अवयवदानाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक घालून प्रतिज्ञा नोंदवता येते. कागदावर भरायचा तो फॉर्म ७. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. महाराष्ट्रात वाटपाचं काम चार विभागीय समित्या बघतात, मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद. वेळेचं म्हणाल तर बाहेर काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास टिकतं. नांदेडहून मुंबईला रस्त्यानं ते जमणार नाही, विमान लागतं. मूत्रपिंडाला जास्त वेळ मिळतो. डोळ्यांसाठी तर मेंदूमृत्यूही लागत नाही, घरी वारलेल्या माणसाचेही सहा तासांच्या आत घेता येतात.

आणि फॉर्म भरला तरी त्या वेळी घरच्यांना विचारलंच जातं. ते नाही म्हणाले तर कोणी जबरदस्ती करत नाही. त्यामुळं कार्ड पाकिटात ठेवण्यापेक्षा घरात बोलून ठेवणं जास्त कामाचं.

किल्लारीकर

काल रात्री बोललो. बायको म्हणाली डोळे द्या, मूत्रपिंडं द्या, हृदयाचं मला विचार करू द्या. मी म्हणालो, तो नुसता पंप आहे, मास्तरांनी लिहिलंय. ती म्हणाली, मास्तरांच्या बायकोला विचारलंय का?

मास्तर_निवृत्त

विचारलं. ती म्हणते, तिलाही विचार करायला वेळ हवा आहे.